घरपट्टी भरलेलं घर

आमच्या बाबांचा एक नियम होता. घरपट्टी थकलेली असेल तर लेकीला माहेरी आणायचं नाही. "देनं बाकी असलेल्या घरात लेक जेवाले बसली, तर ते देनं तिच्या ताटात जाते," असं ते म्हणायचे. हे कुठल्या पोथीत नव्हतं. शेजारीपाजारीही असं कुणी पाळत नसे. कर वेळेवर भरायची आठवण राहावी म्हणून त्यांनी स्वतःच तो नियम बांधला असावा. एप्रिल लागला की ते सायकलवरून कर भरून यायचे, पावती देवाच्या फळीवर ठेवायचे, आणि मग आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी आमच्या आत्याला आणायला मुऱ्हाळी निघायचा. मुऱ्हाळी म्हणजे सासरी गेलेल्या लेकीला सणावाराला माहेरी घेऊन येणारा माणूस. बाबांनंतर हे काम माझ्या भावाकडे आलं. घरपट्टी भरण्याचंही, आणि धाकटीला हिवरखेडहून आणण्याचंही.

आम्ही तिघं भावंडं. मी थोरली, भाऊ मधला, बहीण धाकटी. धाकटीला हिवरखेडला शेतकऱ्याच्या घरी दिली. तिच्याकडे काळी जमीन आहे, आणि विहिरीच्या पाण्यावर ते भेंडी, वांगी, कांदा घेतात. भाऊ अकोल्यालाच डाळ मिलमध्ये कामाला होता आणि बाबांनी बांधलेल्या घरात राहत होता. मी लग्न केलं नाही. अमरावतीला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली आणि तिथंच तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. अकोल्याला जायचं मनात आलं की शनिवारी दुपारी पिशवी उचलायची, बडनेऱ्याला गाडी धरायची, मूर्तिजापूर गेलं की वाचत असलेलं पुस्तक मिटायचं. घराची एक किल्ली माझ्याजवळ असायची. मला आणायला कधी कुणी आलं नाही आणि त्याचं मला काही वाटलंही नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं ते यातूनच झालं.

भाऊ पोळ्यानंतर गेला. मिलमधून आला, चहा ठेवला आणि खुर्चीत बसला तो बसलाच. जळलेल्या चहाचा वास शेजारी गेला म्हणून दार ढकललं गेलं. आई आणि वहिनी आधीच गेल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. तेराव्यानंतर धाकटी हिवरखेडला गेली, मी अमरावतीला आले, आणि घराला कुलूप लागलं.

बंद घराचा त्रास काय असतो ते मला ठाऊक नव्हतं. अकोल्यात नळ रोज येत नाही. आला की आमच्याकडची उघडी राहिलेली तोटी वाहायची, पाणी अंगणातून रस्त्यावर यायचं आणि शेजारच्या काकूंचा फोन यायचा, "बाप्पा, येथं लोक थेंबाथेंबासाठी भांडून राह्यले, आन तुमच्या घरी गंगा!" कूलरच्या टाकीत डास झाले. कुणीतरी फाटकाची कडी काढून नेली. मी एक शनिवार सोडून एक जायचे, झाडलोट करायचे, भावाच्या खुर्चीकडं पाठ करून बसायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचे. माझे गुडघे दुखतात. हे फार दिवस चालणार नाही हे दिसत होतं. घर विकावं असं मीच म्हटलं. धाकटीला फोनवर सांगितलं तेव्हा ती फक्त "बरं" म्हणाली. त्या एका "बरं"वर मी पुढचं सगळं उभं केलं.

त्या काळात जे शिकले ते आता लोक मला विचारतात. ज्यांच्या घरी कुणी गेलं आहे आणि मागं घर उरलं आहे अशी माणसं विचारतात, म्हणून लिहून ठेवते.

माझी पहिली समजूत अशी होती की घरपट्टीची पावती ज्याच्या नावाची, घर त्याचं. पुष्कळांची असते. पालिकेच्या कर विभागात नाव बदलून घेतलं की झालं, अशा हिशेबानं मी मृत्यूचा दाखला घेऊन तिथं गेले.

"मालक कुठी हायेत?" कारकुनानं मान खाली घालूनच विचारलं.

"वारले."

"मंग तुमी कोन?"

"मोठी बहीण."

"त्याइच्या घरच्याइले आना. बायकोले, पोराइले."

"कुणी नाही."

आता त्यानं वर पाहिलं. "कोनीच नाई? मंग तुमी बहिनीच मालक झाल्या. असं उभ्यानं काय होते, बसा."

मालक झाल्यामुळं खुर्ची मिळाली. पण पालिकेच्या पावतीनं मालकी ठरत नाही हे त्यानंच सांगितलं. कर कुणाकडून घ्यायचा एवढंच ती पावती सांगते. घर ज्या जागेवर आहे तिची आखीव पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, भूमी अभिलेख कार्यालयात असते. तिच्यावर वारसांची नावं चढल्याशिवाय विकत घेणाऱ्याला बँक कर्ज देत नाही. त्यासाठी आम्हाला न्यायालयातून वारस प्रमाणपत्र काढावं लागलं, आणि त्याला वेळ लागतो. म्हणून घर विकायचं ठरलेलं असो वा नसो, माणूस गेल्यावर ही नावं बदलून घ्यावीत. पालिकेत, आखीव पत्रिकेवर आणि विजेच्या मीटरवर. गिऱ्हाईक आल्यावर धावपळ करणाऱ्याला भाव पाडून द्यावा लागतो. घर रिकामं असेल तर तेही पालिकेला लेखी कळवावं. कुठं कुठं करात सवलत मिळते, पण ती मागच्या तारखेनं कुणी देत नाही. आणखी एक. भावानं मागं पत्र्याची एक खोली काढली होती आणि ती करआकारणीत नोंदवली नव्हती. बँकेचा माणूस मोजायला आला तेव्हा ती निघाली आणि आम्हाला पुन्हा त्याच कारकुनापुढं बसावं लागलं. जे बांधलं ते नोंदवलेलं बरं. चार पैसे कर वाढतो, पण विकताना मान खाली जात नाही.

वारस म्हणून आम्हा दोघींची नावं लागणार हे कळलं तेव्हा मला एक जुनी दुपार आठवली. बाबा गेल्यानंतर आम्ही दोघी बहिणींनी भावाला हक्कसोड करून दिला होता. कुणी जबरदस्ती केली नव्हती. इकडच्या बहिणी तसं करतात. हिस्सा मागितला की माहेर तुटतं असं मानतात, मग हिस्सा सोडून देतात आणि माहेर राखतात. भाऊ त्या दिवशी साडीचोळी करतो. निबंधक कार्यालयाच्या बाहेर कडुनिंबाखाली भावानं आम्हा दोघींना साड्या दिल्या. माझी करडी होती, माझ्या आवडीची. धाकटीची मोरपंखी. ती तिथंच पदर उलगडून बघत म्हणाली होती, "घर दादाचं झालं वो ताई. आता माहेर पक्कं झालं आपलं."

मला तेव्हा हसू आलं होतं. सही करून घर गेलं आणि ही म्हणते पक्कं झालं.

गिऱ्हाईक उन्हाळ्याच्या तोंडाशी मिळालं. दलाल आमच्याच लेआउटमधला, म्हणजे वस्तीतलाच, तोंडाचा फटकळ. पहिल्या भेटीतच म्हणाला, "मॅडम, घर आनि पोरगी जास्त दिवस दाखवत बसू नये. लोक खोट काढते." घेणारे नवराबायको तरुण होते. नवरा औषधांच्या दुकानात, बायको शाळेत शिक्षिका. भाड्याच्या घरातून निघायचं त्यांच्या मनात होतं. बायको स्वयंपाकघरात गेली, ओट्यावरून हात फिरवला आणि खिडकीतून मागचं कढीपत्त्याचं झाड बघून नवऱ्याकडं वळली. तिथंच सौदा झाला, भाव नंतर ठरला. आम्ही इसार घेतला आणि कागद केला. त्याबद्दल एवढंच सांगते, की इसाराच्या कागदात तारीख लिहितात, पण तारीख चुकली तर काय करायचं तेही लिहावं. आणि आयकर. घर विकून नफा झाला तर त्यावर कर लागतो. वारसानं आलेल्या घराला आधीच्या मालकाकडं ते किती वर्षं होतं तेही धरलं जातं. पैसे पुन्हा घरात घातले तर काही सूटही मिळते. पण हे सनदी लेखापालाला खरेदीखताच्या आधी विचारायचं असतं. नंतर विचारलं तर तो फक्त हळहळतो.

हे सगळं मी नीट केलं. जन्मभर पुस्तकांना क्रमांक लावले, मला कागद लावता येतात. धाकटीला प्रत्येक वेळी फोन करून सांगत होते. आधारकार्ड आण, पॅनकार्ड आण, दोन फोटो आण, अमुक दिवशी सकाळी अकोल्याला ये. "बरं."

त्या दिवशी ती आली नाही.

निबंधक कार्यालयाच्या ओसरीत आम्ही बसलो होतो. नवराबायको, दलाल, मी. आमच्या पाळीची वेळ ठरलेली होती. फोन लागत नव्हता. घेणारी बाई माझ्याजवळ सरकून म्हणाली, "काकू, ताईंना आणायला कोण गेलंय?"

"कुणी नाही. बस आहे ना हिवरखेडहून. तिला माहीत आहे."

ती माझ्याकडं जरा वेळ बघत राहिली, एवढं मला आठवतं. मला वाटलं, उशीर झाला म्हणून बघते आहे.

पाळी गेली. दुपारी फोन लागला.

"आली नाहीस?" मी म्हटलं.

"भेंडीचा तोडा होता."

"मग काल सांगायचंस."

"काल भेंडी येवढी मोठी नवती."

"लोक खोळंबले इथं. त्या मुलीनं सुट्टी घेतली होती."

"मंग सांग तिले, हिवरखेडची बाई अडानी हाय, तिले तारीख समजत नाई."

माझ्या मनात पहिलं आलं ते पैशाचं. तिला शंका आली असेल, किंवा घरच्यांपैकी कुणी कान भरले असतील. मी समजावणीच्या सुरात सांगू लागले, की अर्धं अर्धं होणार, धनादेशसुद्धा दोन वेगळे निघणार, तुझा तुझ्या नावानं.

"मी पैशाचं बोलली का वो तुले?"

"मग कशाचं?"

"काईच नाई." आणि फोन बंद.

दलालाला सगळं कळलं होतं. त्यानं दोन उपाय सुचवले. एक, बहिणीकडून माझ्या नावानं हक्कसोड घ्यायचा. तो मी ऐकूनही घेतला नाही. दुसरा, तिनं तालुक्याला, तेल्हाऱ्याला जाऊन मला मुखत्यारपत्र करून द्यायचं, म्हणजे तिला अकोल्याला यायलाच नको. दुसऱ्या दिवशी तिच्या यजमानांचा फोन आला तेव्हा त्यांनीही तेच सुचवलं. भला माणूस आहे. म्हणाले, "ताई, ती सही करते म्हनते. पन तिकडे येनार नाई म्हनते. आता मी तिले काय म्हनू? दोन दिवसांपासून भाकरी थापते, पन बोलत नाई." बँकेनं त्या नवराबायकोला दिलेली मुदत महिनाअखेर संपत होती. मुखत्यारपत्र हाच सरळ रस्ता होता. मी मसुदा करायला दिला आणि तिला सांगायला फोन लावला.

"पाठवून दे कागद," ती म्हणाली. "करीन सही." मग तिनं विचारलं, "आखाजीले दादाची घागर कोन भरनार हाय?"

आखाजीला आमच्याकडं गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, पूजतात, त्यांना जेवू घालतात. भावाची ही पहिलीच आखाजी होती. मला ती आठवली नव्हती असं नाही. पण माझ्या हिशेबात तोवर घर विकलेलं होतं.

"इथं फ्लॅटमध्ये भरीन मी," मी म्हटलं.

"तो कधी तिथं राह्यला काय? कोन्या दारानं येईन तो?"

"मग तू ये ना अकोल्याला. मी कुठं नको म्हटलं?"

"कशी येऊ?" तिचा आवाज चढला. "लगन झाल्यापासून मी एकटी आली का कधी त्या घरी? दादा यायचा घ्याले. दिवायीले कोनी आलं नाई. म्हटलं दुखवटा हाय, वर्सभर सन नाई. संक्रांतीले कोनी आलं नाई. सासूबाई इचारते, तुह्या माहेरचं कोन उरलं का नाई? मी म्हनतो, ताई हाय ना. मंग तुहा फोन आला. आधारकार्ड घेऊन ये, फोटो घेऊन ये, सही कराले ये. असं बोलावते का माहेरी? कोरटात बोलावते असं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हिस्सा सोडला तवा माहेर होतं," ती म्हणाली. या वेळी हळू. "आता हिस्सा चालत आला घरी, आनि माहेर गेलं. एक डाव तरी मले घ्याले याचं होतं, ताई."

मी पन्नास-साठ वर्षं मराठी पुस्तकं वाचत आले आहे. माहेर या शब्दावर किती वाचलं असेल. पण मला ती जागा स्वतःच्या किल्लीनं उघडायचं घर म्हणूनच माहीत होती. कुणीतरी न्यायला दारात येऊन उभं राहिल्याशिवाय जिच्यासाठी ते उघडत नाही अशी बाई माझ्याच घरात वाढली होती. तिला मी बसचं वेळापत्रक सांगत होते.

मुखत्यारपत्राचा मसुदा मी फाडला नाही, नुसता परत आणलाच नाही. दलालाला सांगितलं, की खरेदी आखाजीनंतर.

"मॅडम, गिऱ्हाईक हातचं गेलं तर मले बोलू नका," तो म्हणाला. "भेंडी आनि गिऱ्हाईक, चार दिवस ठेवलं की जून होते."

घेणारा नवरा खरोखर घाबरला होता. मुदत टळली तर कर्जाचं सगळं पुन्हा करावं लागणार होतं, आणि मिळेलच असंही नव्हतं. तो मला काही बोलू शकत नव्हता, म्हणून भिंतीकडं बघत होता. बायको म्हणाली, "काकू, तुम्ही त्यांना घेऊन या." एवढंच. त्या दोघांचं घर माझ्यामुळं हुकलं असतं तर मी काय केलं असतं, हे मला अजून माहीत नाही. आखाजी आणि महिनाअखेर यांच्यात फारच थोडे दिवस होते.

निघण्याआधी मी अकोल्याच्या कर विभागात गेले. नव्या वर्षाचं बिल मागून काढून घेतलं. दलालानं कपाळाला हात लावला. "विकायच्या घराचा अख्ख्या वर्साचा टॅक्स कोनी भरते का? तो घेनाऱ्याच्या गळ्यात टाकाचा असते." बरोबर होतं त्याचं. चालू वर्षाचा कर कुणी भरायचा हे सौद्यातच ठरवून घ्यावं, मीही लोकांना तेच सांगते. पण मी भरला. त्या बिलावर पहिल्यांदा आम्हा दोघींची नावं होती, एकाखाली एक. जन्मलो त्या घरावर आमची नावं फक्त त्या एका बिलापुरती आली. पावती देवाच्या फळीवर ठेवली. देव मी आधीच अमरावतीला नेले होते. फळी रिकामी होती.

भाऊ हिवरखेडला जाताना मिलमधली तुरीची डाळ न्यायचा. मी बाजारातून घेतली. अकोटला गाडी बदलून पोचले तेव्हा सकाळचं ऊन चढायला लागलं होतं. धाकटी शेतातून आली नव्हती. दारात तिच्या सासूबाई बसल्या होत्या, हरभऱ्याची डाळ निवडत. दृष्टी कमी झाली आहे, पण ओळखलं.

"मोठ्या बाई? एकट्याच?"

"हो. लेकीला न्यायला आले आहे."

त्यांचे हात सुपातच थांबले. "मुऱ्हाळी कोन संगं?"

"मीच."

"बाईमानूस मुऱ्हाळी!" त्या हसल्या, दात नसलेलं मोकळं हसू. "आजलोक पाह्यला नवता बाप्पा. मंग पाय धुवा, मुऱ्हाळी. जेवल्याबिगर आमी लेक धाडत नाई."

धाकटी डोक्यावर टोपली घेऊन आली. मला बघितलं आणि टोपली खाली ठेवायची विसरली. मी ठरवून आले होते की तिची क्षमा मागायची. तिनं तेवढी सवडच दिली नाही. "डाळ कोनती आनली? दादा चांगली फटका डाळ आनाचा," असं म्हणून पिशवीत हात घातला, डाळ चोळून पाहिली आणि नाक मुरडलं. मग आत जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही. मांडीवर धाकटीच्या नातवंडाची वही घेऊन मी बाजेवर बसून राहिले. सासूबाई म्हणाल्या, "रडू द्या तिले. मायेरचं मानूस आल्यावर रडाचंच असते."

जेवण झाल्यावर मी रीतीप्रमाणे सासूबाईंना विचारलं, की आखाजीपुरती लेक धाडता का? त्यांनीही रीतीप्रमाणे आढेवेढे घेतले, शेतात काम आहे, तोडा आहे, आणि शेवटी म्हणाल्या, "न्या. पन आनून घाला." बसमध्ये धाकटी खिडकीशी बसली. पिशवी मांडीवर होती. आधारकार्डाबद्दल मी विचारलं नाही.

अकोल्याच्या घरी पोचल्यावर तिनं माझ्या हातातून किल्ली घेतली नाही. मी दार उघडेपर्यंत पायरीवर उभी राहिली. आत आल्यावर तिची नजर फळीकडं गेली. पावती दिसली. तिनं पदर खोचला आणि कामाला लागली. कुरडया कुठल्या डब्यात, चिंच कुठं, मोठी परात कुठल्या कोनाड्यात, सगळं तिला ठाऊक होतं. एवढे शनिवार मी त्या घरात घालवले, मला परात सापडली नव्हती. आखाजीला तिनं मातीची घागर भरली, तिच्यावर खरबूज आणि आंबा ठेवला, आमरस, कुरडई, चिंचगुळाची चिंचोणी केली. पान वाढून आम्ही दोघी बाजूला झालो. दार उघडं ठेवलं. भावाची खुर्ची तिनं दाराकडं तोंड करून ठेवली होती. आता मीही खुर्चीकडं पाठ केली नाही.

जेवून ती जमिनीवरच आडवी झाली आणि झोपली. माहेरी आली की ती अशीच झोपायची. भाऊ हसायचा, "हिले सासरी पलंग नाई काय?" कूलरचा आवाज, बाहेर अकोल्याचं ऊन, आणि संध्याकाळपर्यंत तिची गाढ झोप. मी पुस्तक उघडून बसले होते. पान उलटल्याचं आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी खरेदीखत झालं. अंगठे, फोटो, सह्या. निबंधकांनी विचारलं, स्वखुशीनं विकता ना? मी हो म्हटलं. धाकटीनं माझ्याकडं बघितलं, मग त्या तरुण बाईकडं, आणि म्हणाली, "हो. मागचं कढीपत्त्याचं झाड तोडू नका फक्त." निबंधक म्हणाले, ते आम्हाला लिहून घेता येत नाही. त्या बाईनं तोंडी कबूल केलं.

घर रिकामं करायच्या आधी मला धाकटीची बोळवण करायची होती. लेक सासरी परत जाताना तिची ओटी भरतात, साडी देतात. साडी मी आणली होती, मोरपंखी मिळाली नाही, जवळच्या रंगाची मिळाली. पण ओटी कशी भरतात ते मला नीट येईना. कुणाची भरली नव्हती, माझी कुणी भरली नव्हती. "उजव्या हातानं वो. आधी कुकू लाव," ती सांगत गेली आणि मी करत गेले. तांदूळ थोडे जमिनीवर सांडले. ते तिनं वेचू दिले नाहीत. म्हणाली, राहू दे, घराले.

तिला हिवरखेडला पोचवून द्यायचं होतं, पण अकोटच्या गाडीपाशी तिचे यजमान येऊन थांबले होते. ते तिकिटाला गेले तेव्हा ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "तिसऱ्या मजल्यावर नळाले पानी येते का तुह्या?"

"येतं."

"गॅलरीत घागर ठेवाले जागा हाय?"

"आहे थोडी."

"दादाले जिना सापडीन का पन?" हे तिनं मला विचारलं की स्वतःला ते कळलं नाही. गाडी सुरू झाली तेव्हा ती पुन्हा वाकली. "फ्लॅटची घरपट्टी कधी भरतं तू?"

"बिल आलं की. सप्टेंबरात वगैरे."

"सप्टेंबरात!" ती जोरात म्हणाली, आजूबाजूच्या बायका बघायला लागल्या. "आन आखाजी कवा येते?"

ती येईन म्हणाली नाही. येणार नाही असंही म्हणाली नाही. अमरावतीला आल्यावर मी पालिकेच्या कर विभागात गेले. कारकून म्हणाला, बिलं अजून निघायची आहेत, थकबाकी काही दिसत नाही, एवढी घाई कशाची? मी म्हटलं, बहिणीला आणायचं आहे.